आजीची ओळ

लायडन, २ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास भावनाचा सविनय जय भीम. वि. वि.

प्रताप नगरच्या ओसरीत आपण तुरीच्या शेंगा सोलायचो आणि तू मला शब्दही तसेच सोलून दाखवायचीस, आठवतं? त्या खोडीपायीच माझा अख्खा प्रबंध एका डच शब्दावर झाला: ‘अलोख्तोन’. मूळ ग्रीक. ‘अलो’ म्हणजे दुसरा, ‘ख्तोन’ म्हणजे माती. आई किंवा बाप परदेशात जन्मलेला असला, की इथेच जन्मलेल्या पोरालाही सरकार दुसऱ्या मातीचं म्हणायचं. २०१६ साली सरकारने तो शब्द सोडला, लोकांच्या तोंडून काही गेला नाही.

प्रस्तावनेत मी घरची एकच ओळ लिहिली: ‘माझी आजी मनकर्णा गावाबाहेरची होती.’ मार्गदर्शक म्हणतात, गाळा. पुढच्या महिन्यात छपाई आहे. तू म्हणशील तसं करते.

तुझी भावना

नागपूर, १७ सप्टेंबर

चि. भावनास अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या बाबांना, आपल्या धम्मानंदला, वाचून दाखवलं. त्याने पत्रावरचं विद्यापीठाचं नाव दोनदा वाचायला लावलं, मग डोळ्यात काही गेलं म्हणाला.

ओळ गाळू नकोस, पण ती चुकली आहे. कॉन्व्हेंटात शिकवतानाची लाल पेन्सिल माझ्या हातून सुटत नाही बघ. आई बाहेरची कधीच नव्हती. त्याच शिवारात जन्मली, तिथलाच कापूस वेचला. गावाने तिला बाहेर ठेवलं. गावातला मधला रस्ता आपल्या लोकांना बंद, म्हणून भारा डोक्यावर घेऊन नाल्याकडून वळसा घालायची. विचारलं की म्हणायची, मी काहून बाहेरची वं, माती तं एकच आहे.

तीनशे पानं त्या शब्दाची लबाडी उघडी केलीस आणि घरच्या ओळीत स्वतःच फसलीस. अभिमान आहे, म्हणून सांगते.

जेवणाची हेळसांड करू नकोस, माया अशीच राहू दे.

तुझी आत्या

लायडन, २० नोव्हेंबर

ती. आत्यास सविनय जय भीम.

ओळ आता अशी छापली आहे: ‘माझी आजी मनकर्णा त्याच गावची होती, गावाने तिला बाहेर ठेवलं.’ मार्गदर्शकांनी वाचली आणि राहू द्या म्हणाले.

इथे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं उभी राहतात. एका बाजूला माझी मैत्रीण काजल होती, दुसरी बाजू तुझी म्हणून रिकामी ठेवली. पहिला प्रश्न त्याच ओळीवर आला. उत्तर दिलं. पदवी मिळाली, आत्या.

तीन प्रती पाठवते. एक बाबांना. एक तुला, पेन्सिल घेऊनच वाच. तिसरी आजीच्या गावच्या वाचनालयात द्यायची. ती कुणाहाती पाठवू नकोस. तू स्वतः ने, भर दिवसा, मधल्या रस्त्याने.

तुझीच,
भावना