पहिल्या लेव्हलचा धागा

बाई,

गेल्या आठवड्यात आपल्या मालकांची नात डोंबिवलीला माझ्या घरी आली, हातात लाकडी पेटी घेऊन. पेटीत आपल्या कारखान्याने बनवलेली पहिली लेव्हल, जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण. ठाण्याच्या नव्या ऑफिसात ते कंपनीचा इतिहास मांडताहेत. आधी परदेशी दुर्बिणी दुरुस्त करणारी आंबिवलीची शेड, मग रस्त्यांच्या न् कालव्यांच्या मोजणीसाठी स्वतःच्या लेव्हली, आणि आता पडद्यावर आकडे दाखवणारी यंत्रं. ती म्हणाली, "काका, आतला धागा तुटलाय. जुन्या पद्धतीने बसवून द्याल? नाहीतर काचेवर रेघ मारून घेऊ." मी हो म्हणालो आणि तेव्हापासून झोप उडालीय. तुमच्या हाताखाली शिकलेला मीच एक उरलोय. काचेवर रेघ मारली की त्या सगळ्या इतिहासात तुमचं टेबल कुठेच दिसणार नाही, याची धास्ती.

तुमचं टेबल खिडकीशी. तो कोपरा झाडायचा नाही असा शेडचा नियम, कारण तिथले कोळी तुमचे. दुर्बिणीत आडवी रेघ दिसायची ती त्यांच्याच धाग्याची. नवीन लागलो तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यासाठी डबीभर माश्या पकडून आणलेल्या. तुम्ही झाकण उघडून बघितलंत. "अरे, या काय म्हशी आणल्यास? माझी पोरं एवढीशी, घाबरून पळतील ना!" सगळी शेड हसली. मग तुम्ही काडीवरून एक कोळी खाली सोडता, तो धागा सोडत उतरतो, तुम्ही तो वाकवलेल्या तारेवर गुंडाळता, तोंडाची वाफ देऊन ओलसर करता आणि पितळी कड्यावर लाखेच्या थेंबाने चिकटवता. मी श्वास रोखून बघतोय. "सोड तो श्वास. धरलास की हात कापतो." दुपारी मात्र अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायचात. "आठवी नापास झालास, आता उपाशीपण राहणार का?"

तर, घरात कोळी सापडेना. सुनेने सणाआधी औषध फवारून घेतलेलं. शेवटी सोसायटीच्या मीटरच्या खोलीत एक मिळाला. धागा निघाला, पण बसवताना तुटला. पुन्हा काढला, पुन्हा तुटला. माझा हात आता श्वास सोडला तरी कापतो, बाई. सून बघत होती. ती पार्लरमध्ये भुवया करते, दोऱ्याचंच काम.

"बाबा, द्या इकडे. तुम्ही फक्त सांगा."

"अगं, हा तुझा दोरा नव्हे. फुंकरीनेसुद्धा जाईल."

"मग इतक्या जवळ येऊन बोलू नका ना!"

खुर्ची मागे ओढली, तिथूनच सांगत राहिलो. तिने बसवला.

लाख वाळल्यावर लेव्हल खिडकीत ठेवून समोरच्या इमारतीची टाकी धरली. जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तशी टाकीही उलटी, आणि तिच्यावर ताठ काळी रेघ. उद्या मालकांची नात पेटी न्यायला येतेय. तुमच्या टेबलाबद्दल पाटीवर लिहायचं तिने फोनवर कबूल केलंय.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच. पण एक सांगतो. धागा बरोबर बसलाय हे डोळा लावताच मला कळलं होतं. सून मागून विचारत होती, "जमलं का बाबा?" आणि मी आपला "थांब जरा, थांब जरा" करत राहिलो. जमलं म्हटलं असतं तर लेव्हल लगेच पेटीत गेली असती.