इटलीतल्या किल्ल्यावरचं टाकं

रविवार संध्याकाळ, लीड्स

इटलीच्या डोंगरांतून आज परतलो. पाय भरून आलेत, बॅगा हॉलमध्ये तशाच पडल्यात. बाबा पुण्याहून आलेत म्हणून मीच हट्टाने नेलं त्यांना. दरी, धबधबा, कशाचंच कौतुक नाही. पडका किल्ला दिसला की एकच प्रश्न, "पाण्याचं टाकं कुठाय?" सगळा सह्याद्री पालथा घातलेला माणूस! पण काल अर्ध्या चढावरच दगडावर टेकले. "तू जा, टाकं बघून ये." मी गेले. टाकं होतं, पण कोरडं ठाक. खाली येऊन तसंच सांगितलं. ते उठून खाली उतरायला लागले. कशाला नेलं मी त्यांना?

आत्ता फोनवर आईला सांगतायत, "अगं, पार माथ्यापर्यंत गेलो. टाकं काठोकाठ भरलेलं!"