घाम फुटलेली भिंत

देवास, वैशाख, १९५५

जावईबापू जगदेवराव यांस,

आशीर्वाद आधी लिहायचा असतो. आज तो शेवटी येईल, आला तर.

नळ भिंतीतून घ्या, विमा मी उतरवतो, पाइप फुटला तर आमची कंपनी भरून देईल, हे तुमचेच शब्द. चैत्रात देवघराच्या भिंतीला ओल आली. आम्ही गवंडी बोलावणार होतो. तुम्ही हात जोडून म्हणालात, "गवंडी कशाला, आई? टेकडीवरची माता घरी आलीय, तिला घाम फुटलाय." पहिला नारळ तुम्हीच ठेवलात. मग आळीभरच्या बायका कुंकू लावून गेल्या.

परवा आतला पाइप फुटला. भिंत ढासळली, धान्याची कोठी पाण्यात गेली. कंपनीचा साहेब आला, त्याच्यामागे तुम्ही. त्याने ओलीच्या डागांवर बोट ठेवून विचारलं, "ये सीलन कब से थी?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "महीने भर से. घरवालों ने ध्यान नहीं दिया." झालं, भरपाई नामंजूर.

ध्यान दिलं नाही? महिनाभर रोज फुलं वाहिली त्या ओलीला.

नोकरी तुम्हाला प्यारी, कळतं मला. पण माझी रुक्मिणी तुमच्या घरात आहे. म्हणून हे पत्र चुलीत घालते आणि तुम्हाला कार्ड टाकते की आम्ही सुखरूप आहोत, दोघं आंबे खायला या.

तुमचं ताट देवघरासमोरच मांडीन. तिथून कुंकू लागलेल्या विटा नीट दिसतात.

आशीर्वाद रुक्मिणीला.

भवानीबाई