मागच्या खोलीतला फॉरवर्ड

मामंजी, परवा आपला क्लब पुन्हा हरला, आणि तुमच्या पणतीच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलंय. दोन्ही बातम्या एकदम सांगून टाकते, कारण या घरात त्यातली मोठी कुठली हे तुमच्या हयातीतही ठरलं नसतं. पणती म्हणजे माझी नात, तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी झालेली. हो, मुलगी फुटबॉल खेळते. आता बायकांच्याही टीम असतात, आणि ही तुमच्याच क्लबात आहे, उजवीकडून पळते. तुम्ही असतात तर आधी नाक मुरडलं असतंत आणि मग तिच्या प्रत्येक मॅचला पुढच्या रांगेत जाऊन बसला असतात. तिचं सांगायचंय म्हणूनच लिहायला बसलेय. पण पुरुषांच्या टीमचं आधी सांगितलं नाही तर तुमचं पुढच्या बोलण्यात लक्ष लागणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तर ऐका. डावीकडचा बॅक मांडी धरून बसलाय. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे. ह्यांचे दोन आठवडे म्हणजे शिंप्याचं ‘उद्या या’. त्याच्या जागी उजव्या पायाचं पोर उभं केलंय; बॉल आला की आधी तो उजव्या पायावर घेतो, मग विचार करतो, तोवर समोरचा माणूस चहा पिऊन परत येतो. मधल्या फळीत एकच होता ज्याच्या पायांना डोकं होतं, त्याला सीझन निम्मा झालेला असताना विकला. बदल्यात आणला तो कुणी परदेशी, फोटोत राजबिंडा, मैदानात घोटा बांधूनच उतरतो. हेडिंगला जाताना अशी जपून उडी मारतो की जणू डोक्यावर पाण्याची घागर आहे. आणि कोच शेवटची दहा मिनिटं उरली की बदली खेळाडू पाठवतो, पाहुणे दारातून निघाल्यावर लाडू पुढं करावेत तसा. आता सही मोबाइलवर होते म्हणे. एजंट असतात. खेळाडूला कुणी लपवत नाही. हे तुम्हाला पटणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली, रत्नागिरीकडची. लग्न होऊन बंगाली मुलखात डमडमला आले तेव्हा मला ना बंगाली येत होतं ना हिंदी, आणि तुमच्या चिरंजिवांची ड्युटी आसनसोलला, पंधरवड्यातून एकदा घरी. तुमची नोकरी लष्कराच्या किल्ल्यात, पगाराच्या कचेरीत. कचेरी सुटली की मैदान ओलांडून थेट क्लबाच्या तंबूत. रात्री जेवताना तुम्ही मॅच सांगायचात आणि सासूबाई ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत आमटी वाढायच्या. ऐकायला माणूस नव्हतं म्हणून तुम्ही मला धरलंत. एका दुपारी सासूबाई भजनाला गेल्या असताना स्वयंपाकघराच्या फरशीवर कांदे मांडून ऑफसाइड शिकवलंत. मला पहिल्याच खेपेला कळलं, तर तुम्ही म्हणालात, “आमच्या क्लबाच्या सेक्रेटरीला अजून कळत नाही.” सासरी आल्यावर मला कुणी शहाणी म्हटल्याची ती पहिली वेळ. म्हणून त्या मागच्या खोलीतल्या पोराचं जे झालं, ते मला जास्त लागलं.

त्या काळी दरवर्षी दलबदलाचा मोसम यायचा. फुटबॉलच्या ऑफिसात जाऊन सही करेपर्यंत खेळाडू कुणाचाच नसायचा, म्हणून ज्या क्लबाला जो हवा त्याला ते आधी उचलायचे आणि सहीच्या दिवसापर्यंत कुणाच्या तरी घरी दडवायचे. दुसऱ्या क्लबाची माणसं त्याला शोधत गल्लोगल्ली हिंडायची. तुम्ही तंबूत छाती ठोकून सांगून आलात की मराठी माणसाच्या घरी कोण बघायला येतंय. आणि एका सकाळी तो फॉरवर्ड आपल्या मागच्या खोलीत, पापडांच्या डब्यांशेजारी, खाटेवर बसलेला. बाविशीचा असेल. एक पाय सरळ लांब पसरून बसायचा. मला वाटलं, काय उर्मट आहे, बाईमाणूस समोर आलं तरी पाय आवरत नाही.

सासूबाईंच्या गळ्यात माळ. त्यांनी त्याला वरण-भात, दोडक्याची भाजी, वरण-भात, असं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला हळूच विचारलं, “बौदी, माछ?” वहिनी, मासा नाही का, असं म्हणत होता, तेवढं मला कळलं. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही जन्मात मासळीबाजाराची पायरी चढला नव्हतात. त्या दिवशी गेलात आणि ताटाएवढा इलिश घेऊन आलात, तोही शेपटीला धरून, सगळ्या गल्लीतून. सासूबाईंनी स्वयंपाकघराला कडी लावली. मग मी अंगणात कोळशाची शेगडी पेटवली आणि आमच्याकडच्यासारखं कोकम, खोबरं घालून कालवण केलं. लग्नानंतर मासळीला पहिल्यांदा हात लावत होते, जीव ओतून केलं. त्या पोरानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, “बौदी, इलिशला काय केलं हे?” पण खाल्लं सगळं, काटे चोखून. मला हसू आलं. तुम्हीही हसलात. त्या घरातली ती माझी सगळ्यात बरी दुपार.

संध्याकाळी दार वाजलं. माळकऱ्याच्या घरून माशाचा वास येतोय, हे अख्ख्या पाड्यानं ओळखलं होतं, आणि तुमच्या मासेवाल्यानं उरलेलं सांगितलं होतं. बाहेर समोरच्या क्लबाची पाच-सहा माणसं. सासूबाई दारात आडव्या झाल्या आणि मराठीत असा तोंडाचा पट्टा सोडला की त्यांना शब्द कळला नाही तरी पायरी चढायचा धीर झाला नाही. तेवढ्यात तुम्ही त्याला मागच्या अंगणात नेलंत. भिंत माझ्या खांद्याएवढी. पलीकडं तुमचा मित्र स्कूटर घेऊन उभा, बराकपूरला न्यायला. आणि तो फॉरवर्ड, ज्याच्या नावानं मैदान घुमायचं, त्याला त्या भिंतीवर पाय टाकता येईना. दोनदा टेकला, दोनदा खाली बसला. ओठ चावत होता. शेवटी तुम्ही खालून ढकललंत, मित्रानं वरून ओढलं आणि सिमेंटचं पोतं टाकावं तसा तो पलीकडं पडला. ओरडला नाही. नुसता हुंकार आला.

मी म्हटलं, “मामंजी, ह्याला भिंत चढता येत नाही, हा खेळणार कसा?”

तुम्ही हात झटकत म्हणालात, “तो खेळला नाही तरी चालेल. त्यांच्याकडून खेळू नये, एवढंच.” आणि मग, मी अजून बघतेच आहे हे दिसल्यावर, “तू कांदे चिर. जास्त शिकवलं की डोक्यावर बसतात.”

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तंबूत सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सही झाली, तुम्ही रसगुल्ले आणलेत. तो सीझनभर बाकावर बसला. मोठ्या मॅचला आपण मागे पडलो तेव्हा लोक त्याच्या नावानं ओरडायला लागले, तसा त्याला सुई टोचून उतरवला. थोडा वेळ पळाला. मग कुणी धक्काही न देता एकटाच कोसळला. हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, आणि त्याला ज्या शिव्या दिल्यात त्या सासूबाईंच्या देवघरासमोर दिल्यात. चपला फेकल्या लोकांनी. तुमची एक होती का त्यात, मी विचारलं नाही. पण त्या दिवशी तुम्ही अनवाणी घरी आला होतात.

वर्षभरानं तो दारात उभा होता. पाय ओढत आला होता. नोकरी हवी होती, किल्ल्यात शिपायाची चालेल म्हणाला. “दादा बाडी नेई?” दादा घरी नाहीत का, विचारत होता. तुम्ही न्हाणीघरात शिरलात आणि आतून कडी लावलीत. सासूबाई म्हणाल्या, नाहीत घरी. मी त्याला चहा दिला, ओट्यावर बसवून. आत तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा वाजवला नाहीत. तो गेला तो गेलाच. आठवड्यानं तुम्ही माझ्यासाठी ट्रान्झिस्टर आणलात, स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलात आणि म्हणालात, “पोळ्या लाटताना कॉमेंट्री ऐकत जा.” त्या ट्रान्झिस्टरवर मी बंगाली शिकले. छान वाजायचा. तो कशाबद्दल आणला हे तुम्ही बोलला नाहीत, मीही घेतला.

आता पोरीचं. तुमचं बैठं घर बिल्डरला दिलं, तिथंच तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. लिफ्ट नाही. एक दिवस मी जिन्यात भाजीवाल्याशी घासाघीस करत होते आणि ही वरून उतरत होती. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, कठडा धरून. मला बघितल्याबरोबर धडाधड उतरली, हसत. मी वर आल्यावर तिची पॅन्ट गुडघ्यापर्यंत सरकवली. आत क्रेप बँडेज, त्याखाली पपईएवढी सूज.

“हे काय?”

“काय नाही ग आजी. थोडा फुगला आहे.”

“कधीपासून?”

“तू बाबाला बोलू नको. रविवारी ते साउथच्या क्लबचे लोक येणार आहे मला बघायला. त्यांना राइट विंग पाहिजे. एकच मॅच आजी, मग मी आराम करणार, पक्का.” मराठी तिचं असं, अर्धं रस्त्यावर सांडलेलं. पण विनवणी कळायला व्याकरण लागत नाही. तिकडून बोलावणं आलं तर पगार, राहायला जागा, आणि पुढं कदाचित देशाची टीम. इथं तिला बसभाडं मिळतं.

मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं मैदानावर गेले, तिच्या कोचला गाठायला. वाटलं, त्याला ठाऊक नसेल. चांगला मुलगा आहे, मला ठाकुमा, म्हणजे आजी म्हणतो, खुर्ची दिली. मी सांगितलं तर शांतपणे म्हणाला, “जानी, ठाकुमा.” माहीत आहे. “डॉक्टर इंजेक्शन देणार आहेत. त्या लोकांना एकदा दिसली की झालं, पुढचं ते बघतील.”

“आणि फाटलं तर?”

“खेळात होतंच ना.”

मामंजी, मी त्याच्यात तुम्हाला बघितलं. तोच हात झटकणं. मी म्हटलं, “बाळा, रविवारी ही उतरली तर मी मधल्या रेषेवर पाट टाकून बसेन. रेफ्रीला सांग मला उचलायला.” त्याला हसावं की नाही कळेना. घरी येऊन मुलाला सांगितलं. त्यानं तिला ओढत नेऊन स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, आधीच फाटलंय. ऑपरेशन, मग वर्षभर घरी. आणि आणखी एक झटका बसला असता तर फुटबॉल विसरा, जिनासुद्धा धड उतरता आला नसता.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी परत ओरडले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. ती एवढंच म्हणाली, “तुला काय माहीत मी किती धावली होती इथपर्यंत यायला.” आणि भिंतीकडं तोंड केलं. तेव्हापासून मी वाढलेलं ताट तसंच परत येतं. आईनं वाढलं तर खाते. बोलू दे न बोलू दे, पाय शाबूत राहिला, असं मी सुनेला सांगते. सून मान डोलावते आणि ताट धुते.

रविवारी मॅच होतीच. फोनवर दिसते आता. तिच्या खोलीचं दार बंद होतं, आत पाय उशीवर ठेवून पडली होती. मी स्वयंपाकघरात आवाज बंद करून बघत होते. आपण एक गोल मागे. तिच्या जागी दुसरी मुलगी होती, बिचारी मेहनती, पण बॉल आला की खाली बघते. ते साउथचे लोक पांढऱ्या टोप्या घालून बसले होते, दोनदा दाखवले. अगदी शेवटी उजवीकडं सगळं मोकळं पडलं. समोरचा बॅक घसरला होता, पुढं नुसतं गवत आणि गोलकीपर. त्या मुलीनं मारला तो बाहेर, कॉर्नरच्या झेंड्याकडं. तिथं माझी असती तर आत होता. ती तिथून चुकत नाही. त्या टोपीवाल्यांनी मग समोरच्या टीममधली मुलगी उचलली.

आणि तो बॉल बाहेर जात असताना, मामंजी, माझ्या मनात आलं: एक सुई टोचली असती तर काय बिघडलं असतं? डॉक्टरचा कागद समोरच्या फळीवर होता, मी तो वाचून घेतलेला होता. तरी आलं. गोलसाठी आलं, पोरीच्या नोकरीसाठीसुद्धा नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि दाराआडच्या तिला तर मरेपर्यंत सांगणार नाही. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहिता आलं. समोर असतात तर तुम्ही नुसती मान डोलावली असतीत, आपलं माणूस भेटल्यासारखी, आणि ते मला सोसलं नसतं.