उत्तरेची खिडकी

१९ ऑक्टोबर
आजपासून मुक्काम कॅथेड्रलच्या मनोऱ्यात. नगरपालिकेने मला पहारेकरीण नेमलं आणि गावाने नाकं मुरडली. शिंग फुंकायला बाईच्या छातीत दम कुठला, असं घंटा वाजवणारे म्हातारे पोलमान चारचौघांत म्हणाले. मी तिथेच फुंकून दाखवलं. त्यांच्या डोक्यावरची टोपी तेवढी उडायची राहिली.
खोली झकास आहे. शेगडी आहे, पलंग आहे. दक्षिणेच्या खिडकीतून मिठाचा बाजार दिसतो, पूर्वेच्या खिडकीतून दगडी पूल, पश्चिमेला बिशपचा महाल. उत्तरेची खिडकी मात्र खिळे ठोकून बंद केली आहे.

२१ ऑक्टोबर
सूर्य मावळताना तीन दिशांना शिंग वाजवायचं. म्हणजे, वेस उघडी आहे, शेतातल्यांनो, घरी या. उत्तरेला का नाही, असं मी विचारलं. पोलमान म्हणाले, "पोरी, तिकडे नुसता कोबी. कोबीला काय जेवायला बोलावतेस?"
पाववाली वाल्बुर्गा खरं बोलली. प्लेगात उत्तरेच्या वस्तीतली माणसं लेकरं घेऊन वेशीशी आली होती. तेव्हाच्या पहारेकऱ्याने इथूनच ओरडून सांगितलं, वेस बंद आहे. सगळी बाहेरच मेली. कोबीखाली तीच आहेत.
मला संताप आला. आधी माणसं बाहेर ठेवली, मग त्यांच्याकडे बघायचीही चोरी.

२२ ऑक्टोबर
खिळे उपटले. संध्याकाळी गावाच्या नाकावर टिच्चून उत्तरेकडे फुंकलं. बाजारातली माणसं जागच्या जागी थांबली.

२४ ऑक्टोबर
कोबीच्या शेतातून वेशीपर्यंत पायवाट पडली आहे. काल नव्हती. चालणारं कोणी दिसत नाही.
पोलमान धापा टाकत वर आले. "हात दाखवून अवलक्षण केलंस. आता तूच निस्तर," म्हणाले. उत्तरेकडे ओरडून सांगायचं, वेस बंद आहे. ते ऐकतात, मागे एकदा ऐकलं होतं. पण आवाज पहारेकऱ्याचाच लागतो. नाही सांगितलं, तर ज्याने हाक मारली त्याच्याकडेच येतात.
मी सांगितलं, ते वाक्य माझ्याच्याने होणार नाही.

२६ ऑक्टोबर
चौकातल्या फरशीवर ओल्या मातीची पावलं. बरीचशी लहान. मनोऱ्याकडे वळलेली. मला भीती वाटते, इथे लिहून टाकते. पण नाही म्हणजे नाही.

२७ ऑक्टोबर
जिन्यात माती. खाली मूल खोकतंय— गावातलं नव्हे—
गाव चौकात जमलंय. म्हण एकदाचं, म्हणून ओरडताहेत. वाल्बुर्गासुद्धा. जिन्यात पाय टाकायला मात्र कोणी तयार नाही.

२८ ऑक्टोबर
दार वाजतंय. खालच्या अंगाला, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर.
तीन शब्द म्हटले की मी सुटले. इथूनच म्हटले होते त्या पहारेकऱ्याने—
माझ्या तोंडून नाही.
शेगडी पेटवली आहे. गारठली असतील. कडी काढते. या रे, वेस उघडी—