अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

गुरुजी, तुम्ही चुकला होता. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, तरी आधी हेच लिहिते.

कोरेगावची शाळा, सातवीचा वर्ग, मुलगी मी एकटीच. तुम्ही फळ्यावर ओळीनं सात एक काढले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, यांशिवाय कुणाचाही भाग जात नाही." मी उभी राहिले. "कशावरून, गुरुजी?" "मी सांगतो म्हणून," तुम्ही म्हणालात. "पोरीच्या जातीनं कशावरून विचारायचं नसतं. बस खाली."

मी बसले, पण ऐकलं नाही. आबा लढाईवर होते, रॉकेल मिळत नव्हतं. म्हणून शाळा सुटली की उजेड असेपर्यंत परड्यातल्या भिंतीवर कोळशानं भागाकार मांडायची. तीन, सात, अकरा, तेरा, कुणानंही भागा, बाकी आपली एकच. सतराला आठ उरले तेव्हा निदान काहीतरी हललं म्हणून बरं वाटलं. आई शेणी थापता थापता बघायची.

"काय खरडतीस गं?"

"आकडा फोडतीया."

"फुटला का मग?"

"न्हाई अजून."

तिला अक्षरओळख नव्हती. भिंत भरली तेव्हा तिनं पांढऱ्या मातीचा हात फिरवला आणि म्हणाली, "घे, हितं जागा हाय." एक्कावन्न मूळ संख्या हरल्या. बावन्नावी दोनशे एकोणचाळीस. बाकी शून्य, भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास.

दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी येऊन मी फळ्यावर गुणाकार मांडून उभी आहे. तुम्ही येता, ओठ हलवत पडताळून पाहता, आणि फळा पुसून टाकता. "कुणी करून दिलं?" "मीच केलं." "खोटं! नाव सांगेपर्यंत बाहेर उभी राहा." तीन दिवस मी व्हरांड्यात उभी राहिले. सांगायला दुसरं नावच नव्हतं. उभ्या उभ्या चार हजार सहाशे एकोणपन्नासला अडुसष्टपर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंत, तोंडी भागून पाहिलं. ती मात्र खरीच मूळ निघाली. चौथ्या दिवशी तुम्ही नुसतं "आत ये" म्हणालात. त्या आकड्याबद्दल पुन्हा अवाक्षर नाही.

पुढं मी सांगलीत मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. एका जूनमध्ये तुम्ही नातीचा हात धरून वर्गाच्या दारात आलात. "हिला गणित तुम्हीच शिकवा." मला 'तुम्ही' म्हणालात. आणखी काही बोलाल म्हणून मी थांबले. नाही बोललात. मीही माफ केलं नाही, आजही करत नाही. नातीला मात्र शिकवलं.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. पण एक सांगते. तुमची नात हुशार होती, तुमच्याहून हुशार. तिचं उत्तर बरोबर आलं तरी वर्षभर मी तिला एकदाही शाबास म्हटलं नाही.