कालचेच खडे

आये, मी कोण ते आठवतंय का? नसेलच. जिवंत होतीस तेव्हाही मला कधी नणंद समजायचीस, कधी दूधवाली, आणि एकदा तर माझ्याच घरात मला विचारलंस, "बाई, तुमची मालकीण कुठं गेली?" मी तुझी धाकटी. घोटीच्या भातगिरणीत तू पाखडायला बसायचीस, तेव्हा शेजारी बसून कोंड्यानं खोकणारी. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, मी अठ्ठ्याहत्तरची झाले. मला अक्षर येत नाही. तूच शाळेत धाडलं नाहीस, तेव्हा त्याबद्दल तू तरी बोलू नकोस. शेजारच्या खोलीतल्या बाई लिहून घेताहेत. शाळेत शिकवायच्या, अजून माझं बोलणं दुरुस्त करायला बघतात. मी म्हटलं, बाई, राग आहे तसा लिहा, त्याला इस्त्री करू नका.

मी देवळालीच्या बाजूला राहते. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, सीनियर लिव्हिंग म्हणायचं. म्हातारं म्हणायचं नाही, ज्येष्ठ म्हणायचं. जागा चांगली आहे, झाडं आहेत, फिरायला फरशीची वाट आहे. रोज अकराला हॉलमध्ये मेंदूचा तास असतो. एक पोरसवदा मुलगी आमच्यापुढे ताटं ठेवते. ताटात राजमा, हरभरे, वाटाणे, मूग सगळं एकात एक. ते निवडून चार वाट्यांत घालायचं. त्यानं म्हणे मेंदू ताजा राहतो. झालं की ती टाळ्या वाजवते, "आजी, व्हेरी गुड!" मी तीन पोरांची बाळंतपणं निस्तरली तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती. तरी मला बरं वाटायचं गं. हाताला काम होतं, शेजारी माणूस होतं. बाई म्हणतात ते खरं आहे, डॉक्टर काही खोटं सांगत नाहीत, नुसतं बसून माणूस गंजतो. मला वाटायचं, आपण निवडलेलं संध्याकाळी शिजतं.

मागच्या महिन्यात ताटात एक हरभरा दिसला. किडका, दोन भोकांचा, डोळे वटारल्यासारखा. आदल्या दिवशी मीच तो काढून वाटीच्या कडेला ठेवला होता. मी उठले आणि मुलीच्या मागोमाग गेले. तिनं चारही वाट्या एका बरणीत ओतल्या, झाकण लावलं आणि बरणी हलवली. आये, तो खडखडाट माझ्या ओळखीचा होता.

मी बरणी तिच्या हातातून घेतली, स्वयंपाकघरात गेले आणि सगळं कडधान्य पाण्यात भिजत घातलं. आचारी म्हणाला, "आजी, हे काय करता?" म्हटलं, "उद्या उसळ कर. मोड येऊ दे, मग बघू कुणाची छाती होते परत मिसळायची." दुसऱ्या दिवशी मेंदूचा तास झाला नाही. माझ्या फायलीत मात्र लिहिलं गेलं, की आजी चिडतात, वस्तू पळवतात. मग डॉक्टर आले, कागद-पेन्सिल दिली, घड्याळ काढायला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा पेन्सिल धरली. हाताला लाटणं कळतं, हे काय कळावं? माझं घड्याळ फुटक्या अंड्यासारखं झालं. कुणी विचारलं नाही की आजी, तुम्ही शाळेत गेला होता का. मीही सांगितलं नाही. लाज वाटली. तेवढ्यावर ठरलं, की मला तिसऱ्या मजल्यावर न्यायचं. तिथं काही न आठवणाऱ्यांना ठेवतात, दार बाहेरून बंद असतं. मुलाची सही झाली की झालं.

तुला ते दार ठाऊक आहे. तू एकदा वणीच्या गाडीत जाऊन बसलीस, कंडक्टरनं उतरवून दिलं, तेव्हापासून मी कडी लावायला लागले. मला देवळाली कॅम्पात खानावळीत पोळ्या लाटायला जावं लागायचं, तू घरी एकटी. म्हणून तांदळाचं ताट देऊन जायची. तुझे हात काही विसरले नव्हते. दुपारपर्यंत खडा न खडा वेगळा. मी ते खडे काडेपेटीत जपायची आणि सकाळी निघताना पुन्हा तांदळात टाकायची. शेजारणींना हसून सांगायची, बघा कशी युक्ती काढली.

आणि एक दिवस तू ताट सरकवलंस. "ह्ये कालचेच खडे हायेत. ह्यो तांबडा म्या परवाबी काढला."

मी ओरडले, "काल काय जेवलीस ते आठवत नाय, आन् खडा बरा आठवतो!" पोरगा उंबऱ्यात पाटी घेऊन बसला होता. तो म्हणाला, "आजी खरं सांगते." मी त्याला म्हटलं, "गप. आजीला कुठं काय कळतं." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग ताट परत ओढून घेतलंस आणि निवडायला लागलीस. माझ्यासाठी.

काल तोच मुलगा पुण्याहून आला. मी त्याला सगळं सांगितलं, किडका हरभरा, बरणी, पेन्सिल. म्हटलं, "मला कळतंय रे. मला खालीच राहू दे." त्यानं माझा हात हातात घेतला. हात मऊ, आवाज मऊ. म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच आहे. हळूहळू तुला काही कळणारही नाही." आणि सही केली. मला इतका राग आला, आये, की पेला फेकून मारावा. मारला नाही, फायलीत आणखी एक ओळ कशाला? पण ते वाक्य त्यानं कुठून घेतलं, मला चांगलं माहीत होतं.

बाई विचारतात, पुढं काय लिहू? हे लिहा. तुला कळत होतं, हे मला त्या दिवशी कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मी काडेपेटी उघडली. तू होतीस तोवर रोज उघडली.

बस. हा कागद कुठं टाकायचा नाही, बाईंच्या पुस्तकात राहू दे. उद्या सकाळी मला वर नेतील. तिसऱ्या मजल्यावर, तुझ्याकडे नाही, एवढ्यात खूश होऊ नकोस. आणि बाई, तुम्ही माझ्यासाठी काही वर पाठवाल तर मऊ भात पाठवू नका. बाजरीची कडक भाकर पाठवा, लसणाचा ठेचा पाठवा, आणि मिरच्या मोजून घालू नका.